शिवाजी पुलाजवळचे तीन हिशेब

कोल्हापुरातल्या शिवाजी पुलाच्या अलीकडे ब्रह्मपुरीची टेकडी आणि पंचगंगा घाट, पलीकडे आंबेवाडी, प्रयाग चिखली आणि पुढे जोतिबा-पन्हाळ्याचा रस्ता. जानेवारी २०१८ ते जुलै २०२१ या साडेतीन वर्षांत एवढ्याशा टापूत तीन घटना घडल्या. तिन्ही वेळा नदी तीच होती. कागदावर मात्र त्यांची नोंद वेगवेगळ्या वह्यांत झाली.

पहिली घटना २६ जानेवारी २०१८ च्या रात्रीची. गणपतीपुळ्याहून कोल्हापूरकडे येणारी एक मिनीबस पुलाचा दगडी कठडा तोडून पंचगंगेत कोसळली. १३ माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. जवळच्या पेठांतली पोरं थंडीच्या रात्री सगळ्यांत आधी पाण्यात उतरली. ही नोंद झाली 'अपघात' म्हणून, म्हणजे मानवनिर्मित.

दुसरी ऑगस्ट २०१९ च्या महापुराची, तिसरी जुलै २०२१ च्या महापुराची. या दोन्हींची नोंद 'नैसर्गिक आपत्ती' म्हणून झाली.

मी शाळेत भूगोल शिकवतो. दहावीच्या वर्गात आपत्ती व्यवस्थापनाचा धडा आला की मुलं हमखास विचारतात, "सर, जास्त माणसं कशात मरतात? निसर्गात की माणसाच्या चुकीत?" बरीच वर्षं मी फळ्यावर दोन रकाने आखायचो आणि एकीकडे भूकंप, पूर, दरड, तर दुसरीकडे वायुगळती, आग, चेंगराचेंगरी असं लिहून खाली आकडे मांडायचो. २०१९ मध्ये आमची शाळा पूरग्रस्तांची छावणी झाली आणि नावनोंदणीची वही माझ्या हातात आली. त्यानंतर मला ते दोन रकाने आखता आलेले नाहीत. हे लिखाण त्याबद्दलच आहे.

पाचच्या पुराची खूण

पंचगंगेची पातळी कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. जुलै-ऑगस्टात हे दोन आकडे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ असतात. २००५ च्या पुरात, म्हणजे इथल्या भाषेत 'पाचच्या पुरात', पाणी ५० फुटांच्या आसपास गेलं होतं. त्या पुराच्या खुणा घराघरात होत्या. कुणी जिन्याच्या पायरीवर रेघ मारून ठेवली होती, कुणी भिंतीवर तारीख लिहिली होती. चौदा वर्षं ती रेघ म्हणजे नदीची शेवटची हद्द, असं सगळे धरून चालले.

२०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घाटमाथ्यावर पाऊस थांबायलाच तयार नव्हता. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येऊन पंचगंगा होते, आणि चारही नद्या एकाच वेळी फुगल्या होत्या. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, त्यासाठी कुणाच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. धोक्याच्या पातळीच्या वर बारा फूट, आणि २००५ च्या खुणेच्या वर पाच-सहा फूट.

छावणीत आलेल्या शुक्रवार पेठेतल्या एक काकू मला म्हणाल्या, "सर, पाचच्या पुरात पाणी आमच्या तिसऱ्या पायरीला टेकलं हुतं. म्हणून आम्ही सामान पाचव्या पायरीवर नेऊन ठेवलं आन् निवांत झोपलो." पहाटे पाणी आठव्या पायरीवर होतं. काकूंना बोटीतून काढावं लागलं. फ्रीज, गहू-तांदूळ, मुलीच्या लग्नाच्या साड्या, सगळं पाचव्या पायरीवरच राहिलं.

यात निसर्गाचा वाटा किती आणि माणसाचा किती? पाऊस निसर्गाचा, हे उघड आहे. पण दुधाळी, रमणमळा, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली या भागांत पाणी शिरलं ते काही ठिकाणी नदीतून थेट आणि काही ठिकाणी जयंती नाल्याच्या फुगवट्याने. नाल्याच्या आणि नदीच्या काठाने गेल्या काही दशकांत जे भराव पडले, जी बांधकामं उभी राहिली, त्यांच्यावर पावसाची सही नाही. पूररेषा कागदावर आखलेल्या आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. पाणी आलं तेव्हा लोकांना कळलं की आपलं घर निळ्या रेषेच्या आत आहे. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गाचा भराव पाणी अडवतो, तिथे खांबांवरचा पूल हवा, ही मागणी जुनी आहे. तो महामार्गही जवळपास आठवडाभर पाण्याखाली राहिला आणि शहराचं पेट्रोल, गॅस, भाजी, औषधं, सगळंच अडकलं. शिंगणापूर आणि बालिंग्याची पाणी उपसा केंद्रं बुडाली. चहूबाजूंनी पाणी असलेल्या शहराला प्यायला पाणी टँकरने द्यावं लागलं.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे इथे पूर येतो, या आरोपाचा विषय इथे टाळता येत नाही, कारण कोल्हापुरात पुरावर बोलायला बसलं की दुसऱ्या वाक्याला तो निघतोच. पूर ओसरल्यावर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१९ च्या पुराचं खापर समितीने अलमट्टीवर फोडलं नाही. विलक्षण पाऊस हे मुख्य कारण सांगितलं आणि नदीपात्रातल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवलं. पुष्कळांना हे पटलं नाही. अलमट्टीच्या उंचीचा प्रश्न पुढच्या काळासाठी खरा आहे, असं मलाही वाटतं. पण दोनशे किलोमीटरवरच्या धरणावर बोलताना आवाज चढतो आणि आपल्या गल्लीतल्या भरावावर बोलताना तो उतरतो, हे मी अनेक सभांत पाहिलं आहे. त्याचं मला दुःख होतं.

बोट

२०१९ च्या पुरात सर्वांत जास्त माणसं एकाच ठिकाणी गेली ती कोल्हापूरच्या शेजारी, सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये. ८ ऑगस्टच्या सकाळी गावातल्याच बोटीतून लोकांना बाहेर काढलं जात होतं. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढली आणि बोट उलटली. १७ जण गेले. त्यांत बायका आणि लेकरं जास्त होती.

ही माणसं कशाने गेली? सरकारी वहीत उत्तर सोपं आहे: महापूर. पण ती पुरात वाहून गेली नव्हती, पुरातून सुटायला निघाली होती. पुरेशा बोटी वेळेत आल्या असत्या, प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जॅकेट असतं, दोन दिवस आधी गाव हललं असतं, तर पाणी तेवढंच असूनही ही सतरा माणसं आज असती.

आता शिवाजी पुलाच्या तेरा जणांकडे पाहा. तो अपघात, म्हणून मानवनिर्मित. लगेच प्रश्न विचारले गेले. ब्रिटिशांच्या काळातला, शतकाहून जुना झालेला पूल वाहतुकीला का ठेवला? शेजारचा पर्यायी पूल अर्धवट का? ब्रह्मपुरीची टेकडी संरक्षित असल्याने पुरातत्त्व खात्याच्या परवानगीत नव्या पुलाचं काम रखडलं होतं, हे घराघरात माहीत झालं. लोक रस्त्यावर उतरले, परवानगीचा प्रश्न दिल्लीपर्यंत गेला आणि पुढे नवा पूल पुरा झाला.

तेरा मृत्यूंनी एक पूल उभा राहिला. सतरा मृत्यूंनंतर असं काय उभं राहिलं, हे मला चटकन सांगता येत नाही, कारण त्या सतरांच्या पुढे 'नैसर्गिक' असा शब्द लागला होता. मृत्यूपुढे 'अपघात' लिहिलं की माणूस विचारतो, चूक कुणाची? 'नैसर्गिक आपत्ती' लिहिलं की माणूस आभाळाकडे बघतो. दोन प्रकारच्या आपत्तींतला मला दिसलेला सगळ्यांत मोठा फरक हा आहे, आणि तो आकड्यांत कुठेच उतरत नाही.

दावणीची म्हैस

चिखली आणि आंबेवाडी ही पुलापलीकडची गावं नदीच्या कुशीतच आहेत. १९८९ च्या पुरानंतर या गावांना सोनतळीला जागा दिल्या गेल्या. तरी गाव पूर्ण हललं नाही, आणि दर पावसाळ्यात शहरातली माणसं विचारतात, "जागा दिल्यात तर ही माणसं जात का नाहीत?" मीही एकदा असं विचारलं होतं. चिखलीचे एक आजोबा बोटीतून शाळेत आले होते. अंग थरथरत होतं, पण पहिला प्रश्न त्यांनीच मला केला: "सर, म्हसरं सोडून आलोय. दावं कापलंय. पवतील का?"

त्यांच्याकडे तीन म्हशी होत्या. त्या दुधावर घर चालत होतं. त्या काळच्या निकषांप्रमाणे दुभतं जनावर दगावलं तर ३० हजार रुपये मदत मिळायची, तीही जनावरांच्या ठरावीक संख्येपर्यंतच. बाजारात बरी म्हैस त्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीला जाते. म्हणजे घर सोडायचं तर माणूस जगणार, पण संसार बुडणार. आजोबांनी शेवटच्या घटकेपर्यंत घर सोडलं नाही ते पाण्याच्या अंदाजाअभावी नव्हे, हिशेबामुळे. आणि तो हिशेब चुकीचा नव्हता. त्यांना आडमुठे म्हणणाऱ्यांनी एकदा म्हशीची किंमत विचारावी.

दोन म्हशी मिळाल्या नाहीत. आजोबा महिनाभराने घरी गेले, चिखल काढला, दिवाळीच्या सुमारास गेले. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. महापुराच्या बळींत त्यांचं नाव नाही, आणि नियमाप्रमाणे ते असायचंही कारण नाही. आपत्तीत मृत्यू झाला तर वारसांना ४ लाख रुपये मिळतात, त्यासाठी मृत्यूचं कारण आपत्तीच असल्याचा दाखला लागतो. आपत्तीनंतर मरणाऱ्यांना असा दाखला कोण देणार?

छावणीत मधुमेहाचे रुग्ण इन्सुलिनच्या बाटल्या घेऊन आले होते. वीज नव्हती. आम्ही मातीच्या मडक्यात ओलं फडकं घालून त्या ठेवल्या. बापट कॅम्प आणि कुंभार गल्लीतल्या कुंभारांच्या गणपतीच्या मूर्ती, चार-सहा महिन्यांचं काम, गणेशोत्सवाला महिनाही उरलेला नसताना चिखल झाल्या. मूर्तीसाठी उचललेलं कर्ज मात्र विरघळलं नाही. मानवी हानी मोजताना आपण फक्त प्रेतं मोजतो, कारण ती मोजायला सोपी असतात.

किल्लारी आणि भोपाळ

मुलांच्या मूळ प्रश्नाला अजून उत्तर द्यायचं आहे, आणि त्यासाठी कोल्हापूरच्या बाहेर जावं लागतं. महाराष्ट्राला लख्ख आठवणारी नैसर्गिक आपत्ती किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात भूकंप झाला आणि सरकारी आकड्यानुसारच आठ हजारांच्या आसपास माणसं मेली. मानवनिर्मित म्हटलं की भोपाळ. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीनंतर कीटकनाशकाच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला. मृतांचा सरकारी आकडा आधी अडीच हजारांच्या आत होता, तो पुढे पाच हजारांवर गेला. पीडितांच्या संघटना त्याच्या कितीतरी पट सांगतात.

वरवर पाहता दोन्ही सारख्याच तोडीच्या. पण किल्लारीचा भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. एवढ्या भूकंपात भक्कम घरांच्या देशांत इतकी माणसं मरत नाहीत. किल्लारीत मारलं ते जाडजूड दगड-मातीच्या भिंतींनी आणि वरच्या माळवदाच्या मातीच्या ओझ्याने. लोक झोपेत होते. ती घरं कुणी वाईट हेतूने बांधली नव्हती. उन्हाळ्यात गार राहावीत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तशीच बांधली होती. तरीही मारलं ते घराने.

मला महत्त्वाचा वाटतो तो काळाचा फरक. किल्लारीत मृत्यू जवळपास सगळे त्या पहाटेचे. मग आक्रोश, मग पुनर्वसन, मग नवी गावं. भोपाळमध्ये ती रात्र संपली, पण मृत्यू संपले नाहीत. फुप्फुसं, डोळे, पुढच्या पिढीची बाळं, कारखान्याच्या परिसरातलं दूषित पाणी, असं ते दशकानुदशकं चालत राहिलं. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली, आणि वाढीव भरपाईची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळली. एका रात्रीचा हिशेब अडतीस वर्षं न्यायालयात फिरत होता. भूकंपाला वकील नसतो, कंपनीला असतो. म्हणून मानवनिर्मित आपत्तीत मेलेल्याला आपण त्याच आपत्तीत मेलो हे सिद्धही करावं लागतं.

आणि कोयना? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा तो धक्का कोल्हापुरातही जाणवला. आमच्या घरातली थोरली माणसं तो प्रसंग कालच घडल्यासारखा सांगायची. १८० च्या आसपास माणसं गेली. धरणाच्या जलाशयामुळे भूकंप होऊ शकतो याचं कोयना हे जगभर दिलं जाणारं उदाहरण आहे. आता ही आपत्ती कुठल्या रकान्यात लिहायची? मी फळ्यावर दोन रकाने आखले की एखादं तरी पोर कोयनेचं विचारतं, आणि खडू हातात राहतो.

पंचगंगेचीच गोष्ट घ्या. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. मैलामिश्रित पाणी पिण्यातून ती पसरली आणि माणसं दगावली. ज्या जयंती आणि दुधाळी नाल्यांनी पुरात पाणी शहरात आणलं, तेच नाले उन्हाळ्यात शहराचं सांडपाणी नदीत नेतात. कोल्हापूरच्या खाली इचलकरंजी आणि शिरोळची गावं तेच पाणी पितात. ही आपत्ती एका दिवशी येत नाही म्हणून तिच्यासाठी छावणी उघडत नाहीत, बोटी येत नाहीत, नेते विमानातून पाहणी करत नाहीत. तिच्या मृत्यूंची वही आहे की नाही, हे मी आजवर कुणाला विचारलेलंही नाही. ही माझीही चूक आहे.

५६ फूट

२२ जुलै २०२१ ला पुन्हा पाऊस कोसळला. या वेळी पाणी २०१९ पेक्षा झपाट्याने चढलं आणि राजाराम बंधाऱ्यावर ५६ फुटांच्या पुढे गेलं, २०१९ पेक्षाही वर. महामार्ग पुन्हा बंद झाला. दुकानं दोन वर्षांत दुसऱ्यांदा बुडाली, तीही कोरोनाच्या टाळेबंदीने आधीच मोडलेली. शाहूपुरीतल्या एका दुकानदाराने मला नवीन फर्निचरवरचा पाण्याचा पट्टा दाखवला. तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही.

पण कोल्हापूर-सांगलीच्या पूरपट्ट्यात या वेळी ब्रह्मनाळ घडलं नाही. पाणी जास्त होतं, तरीही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या आधीच येऊन थांबल्या होत्या. तालमी आणि मंडळांची पोरं रात्रीच निघाली होती. मुख्य म्हणजे लोक पाणी येण्याआधी हलले. पाचच्या पुराची रेघ आता कुणी मानत नव्हतं. काकूंनी २२ तारखेलाच सगळं सामान वरच्या मजल्यावर नेलं आणि स्वतः भावाकडे गेल्या.

त्याच पावसाने महाराष्ट्रात मोठा संहार केला, पण तो डोंगरउतारावर. रायगडमधलं तळीये दरडीखाली गेलं, ऐंशीहून अधिक माणसं त्यात गेली. साताऱ्याच्या पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर गाडले गेले. पाऊस तोच, दिवस तेच. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वीच्या मृत्यूंनी लोकांना शिकवलं होतं. तळीयेला असं कुणी शिकवलं नव्हतं. पुणे जिल्ह्यातलं माळीण २०१४ ला दरडीखाली गेलं, ते महाराष्ट्राने पाहिलं होतं. ते तळीयेपर्यंत पोहोचवणं हे कुणाचं तरी काम होतं.

आता मुलांनी विचारलं की मी दोन रकाने आखत नाही. मृत्यूचं कारण विचारायच्या आधी त्यांना तीन गोष्टी विचारायला सांगतो: पाणी किती होतं, माणूस तिथे का थांबला होता आणि त्याला कधी कळलं. या तीन उत्तरांतून 'नैसर्गिक' किती आणि 'मानवनिर्मित' किती, ते पोरं स्वतःच काढतात, आणि बहुतेक वेळा माझ्यापेक्षा नेमकं काढतात.

२०१९ ची छावणीची वही माझ्या कपाटात आहे. नाव, गाव, माणसं किती, आल्याची तारीख, गेल्याची तारीख, एवढेच रकाने. २०२१ मध्ये शाळा पुन्हा उघडली तेव्हा मी नव्या वहीत पट्टीने आणखी एक रकाना आखला आणि दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला आधी तेच विचारलं. पुलापलीकडून पहिलं कुटुंब आलं तेव्हा पूल अजून वाहतुकीला चालू होता. त्यांची नोंद अशी आहे: माणसं पाच, म्हशी दोन, रेडकू एक, सोनतळीला पोहोचवली.